ताईच्या रक्तातला आकडा

दूधविनायक, वाराणसी
२० डिसेंबर २०२४

ताई,

नमस्कार. तुझ्या गुडघ्यांची चौकशी पुढच्या वेळी करीन, आज सरळ मुद्द्यावर येतो. फोनवर बोलायला गेलो की तू रडायला लागतेस आणि मला जे सांगायचं असतं ते राहून जातं, म्हणून कागद घेतला.

मुक्ता अजून हॉस्पिटलातच आहे. ऑक्सिजन चालू आहे. सव्वा महिन्याच्या पोरीला तो पुस्तकात लिहिलेला 'हूप' आवाज काढायचीही ताकद नसते. ती खोकते, लाल होते, मग निळी पडते आणि श्वास घ्यायचंच विसरते. सई तिच्या तळपायांना टिचक्या मारत बसलेली असते. इथे याला काली खाँसी म्हणतात. परवा तू म्हणालीस, डांग्या खोकला आता कुठे राहिलाय? राहिलाय. मोठ्या माणसांत राहतो, आणि ती म्हणतात, जरा कफ झालाय.

निदान मीच केलं, आमच्याच लॅबमध्ये. वॉर्डातल्या पोरसवदा डॉक्टरने तिच्या घशातून कापसाच्या बोळ्यावर नमुना घेतला होता. मी तो कचऱ्यात टाकला आणि त्याला चार शब्द सुनावले. हा जंतू घशात नाही, नाकाच्या पार मागच्या भिंतीला चिकटून बसतो, आणि कापसात असं काही असतं की तो त्यावर मरून जातो. सिंथेटिक टोकाची बारीक, लवचीक काडी नाकातून सरळ मागे न्यायची, भिंतीला टेकली की थोडं थांबायचं, हलकेच फिरवायची. पोरीच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझ्याही आलं, पण काडी हलू दिली नाही. पीसीआर संध्याकाळपर्यंत पॉझिटिव्ह आला. तरी मी कोळशाच्या माध्यमावर कल्चरही लावलंय. त्याला आठवडा लागेल, पण जंतू डोळ्यांनी बघितल्याशिवाय माझं समाधान होत नाही.

आता प्रश्न राहतो, पोरीला हा दिला कोणी? औषध सुरू करण्याआधी मी घरातल्या सगळ्यांचे नमुने घेतले. सईचा, माझ्या सासूबाईंचा, दारात येणाऱ्या दूधवाल्या यादवजींचासुद्धा. ते आधी घाबरले, मग म्हणाले, "भइया, नाक में इतना रस्ता है, ये तो आज पता चला." सगळे निगेटिव्ह. मग सगळ्यांना सावधगिरीचं औषध दिलं, मीही घेतलं. माझ्या घशात दिवाळीनंतरच्या छठपूजेपासून खरखर आहे खरी, पण या दिवसांत काशीत कोण खोकत नाही? रामघाटापर्यंत जाऊन आलं की रुमाल काळा होतो.

राहिलीस तू. रागावू नकोस. बारशाला आत्या म्हणून तूच कुर्र केलंस. तुझं तोंड तिच्या कानाशी होतं, बायका तुझ्या पाठीत बुक्के घालत होत्या, तू हसत होतीस आणि हसता हसता खोकलीस. तो व्हिडिओ सई हॉस्पिटलात पुन्हा पुन्हा बघते आहे. तू म्हणतेस गाडीच्या एसीने सर्दी झाली होती. असेल. पण तिथे एखाद्या लॅबमध्ये जाऊन नमुना दे. खात्री झालेली बरी.

सुमंत


वाराणसी
४ जानेवारी २०२५

ताई,

आधी चांगली बातमी. मुक्ता घरी आली. अजून उबळ येते, पण निळी पडत नाही. कल्चरही उगवलं. काळ्या माध्यमावर पाऱ्याच्या बारीक थेंबांसारखे चकचकीत ठिपके. इतकी वर्षं पोरांना फळ्यावर काढून शिकवलं, प्रत्यक्षात क्वचितच दिसतात. आणि दिसले ते आपल्या पोरीच्या नाकातून आलेले. कौतुक करावं की काय करावं ते कळेना, झाकण लावून ठेवून दिलं.

तुझा रिपोर्ट मिळाला. 'वाढ नाही.' त्याखाली भाऊजींनी पेनाने 'बघा' असं लिहून पाठवलंय. बघितलं. त्यांना सांग, या कागदाला काही किंमत नाही. एक तर नमुना घशातून घेतलाय. दुसरं, कापसाच्या बोळ्यावर घेतलाय. तिसरं म्हणजे तुझा खोकला सुरू होऊन महिना उलटून गेल्यावर घेतलाय. तोपर्यंत जंतू स्वतःहूनच निघून जातो, मागे नुसता खोकला राहतो. घर रिकामं दिसलं म्हणून तिथे कोणी राहतच नव्हतं असं होत नाही.

सई तुला फोनवर जे बोलली ते मी शेजारीच उभा राहून ऐकलं. "तुमच्या तोंडून नाव नको होतं माझ्या पोरीला." हे तिने बोलायला नको होतं. पण मी तिला थांबवलं नाही, कारण त्या दिवशी मुक्ता दोनदा निळी पडली होती. आईच्या तोंडून निघतं असं. तू आई आहेस, तुला कळेल.

आता एकच उपाय राहतो. इतका उशीर झाल्यावर जंतू शोधण्यात अर्थ नसतो, रक्तात त्याच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं मोजायची असतात. तू तिथे रक्त दे, त्यातलं सीरम बर्फात घालून कुरियरने माझ्याकडे पाठवायला सांग. मी स्वतः करीन. दुसऱ्या कोणाच्या हाती देणार नाही.

तू नाही म्हणणार नाहीस हे मला माहीत आहे. आई गेल्यापासून तू मला कशालाच नाही म्हटलेलं नाहीस.

सुमंत


वाराणसी
२५ जानेवारी २०२५

ताई,

कुंभाची सगळी गर्दी उलटून इकडे आली आहे. दूधविनायकाच्या गल्लीत पाऊल ठेवायला जागा नाही. कुरियरवाला तुझं पार्सल घेऊन मैदागिनला अडकला, मी चालत जाऊन घेऊन आलो. बर्फ वितळत आला होता पण सीरम ठीक होतं.

रिपोर्ट सोबत जोडला आहे. शंभरच्या वर आकडा गेला की अलीकडेच संसर्ग होऊन गेला असं आम्ही धरतो. तुझा त्याच्याही बराच वर आहे. मी दोनदा करून पाहिला. शंकेला जागा ठेवली नाही.

म्हणजे तूच होतीस, ताई. मुद्दाम कोण करतं असं? पण खोकला असताना बाळाच्या कानाला तोंड लावू नये एवढं तुला कळायला हवं होतं. आणि मी विचारलं तेव्हा 'एसीची सर्दी' म्हणून उडवून लावायला नको होतं.

आणखी एक काम मी केलं आहे. ते तुला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं. अवनीच्या सासूबाईंना मी उज्जैनला फोन केला. अवनीला सातवा लागला आहे, पहिलं बाळंतपण म्हणून ती तुझ्याकडे इंदूरला येणार, आणि मग तान्हं बाळ तुझ्याच मांडीवर. मी त्यांना जे आहे ते सांगितलं. तूर्त संसर्ग नसेल, पण सावध राहिलेलं बरं, म्हणालो. त्या शांतपणे ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "बरं झालं तुम्ही सांगितलंत. घरचंच माणूस सांगतंय म्हणजे खरंच असणार."

माझं कर्तव्य होतं. तू माझ्या जागी असतीस तर तूही हेच केलं असतंस.

सुमंत


वाराणसी
२८ फेब्रुवारी २०२५

ताई,

महिना होऊन गेला, तुझं पत्र नाही, फोन नाही. भाऊजी उचलतात आणि 'देवळात गेली आहे' म्हणतात. दिवसातून चार वेळा कोण देवळात जातं? काल शेवटी अवनीचाच फोन आला.

रडत नव्हती. तुझी मुलगी आहे, राग आला की तिचा आवाज खाली जातो. म्हणाली, "मामा, तुला एकच विचारायचं होतं. आईने लस घेतली होती हे तुला माहीत असताना तू तसं का लिहिलंस?"

मी विचारलं, कसली लस?

तिने मला ते परत म्हणायला लावलं. मग म्हणाली, "तूच तर सांगितलं होतंस. गणपतीत. फोनवर. मी तिथेच बसले होते."

आणि मग मला आठवलं, ताई. ते आठवलं नसतं तर बरं झालं असतं असंही एक क्षण वाटलं, ते तुला सांगून टाकतो. सईला दवाखान्यात नुसती धनुर्वाताची लस दिली होती, डांग्या खोकल्याची त्यात नव्हती. मी वैतागलो होतो. तुझ्याशी बोलताना म्हणालो, आता बाळाला हात लावणाऱ्या मोठ्या माणसांनीच ती घेऊन ठेवलेली बरी, तूही घे. एवढंच. मग आपण तुझ्या मोदकांच्या उकडीवर बोललो. मी विसरून गेलो. तू दसऱ्यानंतर जाऊन दंड पुढे केलास आणि दोन दिवस तापाने पडून राहिलीस. अवनीने सांगितलं.

तुला वाटलं मला माहीत आहे. मीच सांगितलं, मग मला कसं माहीत नसेल? म्हणून रक्त पाठवताना तू काही बोलली नाहीस. आणि माझा रिपोर्ट बघून तुला वाटलं, लस माहीत असूनही सुमंत मला दोष देतोय.

आमच्या शास्त्रातली ही पहिल्या वर्षाची गोष्ट आहे. लशीने आलेली प्रतिपिंडं आणि रोगाने आलेली प्रतिपिंडं या चाचणीला वेगळी ओळखता येत नाहीत. लस घेतल्यापासून वर्षभर तरी आकड्याचा अर्थ लावायचा नाही. मी दरवर्षी मुलांना हे बजावतो. रक्त घेण्याआधी पेशंटला विचारा, लस घेतली आहे का. कोणीही असो, विचारा. तुला विचारलं नाही. तू पेशंट नव्हतीस, ताई होतीस, आणि माझ्या मनात निकाल आधीच लागलेला होता.

तो आकडा तुझ्या खोकल्याचा नव्हता. तू मुक्तासाठी दंडात टोचून घेतलंस त्याचा होता. मी त्याच्यावर सही करून तुझ्याच घरी पाठवला.

अवनीला तुझ्याकडे पाठवायला तिच्या सासरचे तयार नाहीत. हेही तिनेच सांगितलं. डोहाळजेवणालाही तुला बोलावलं नाही म्हणे. तू वडे करून ठेवले होतेस.

मी हे निस्तरतो. मला थोडा वेळ दे.

सुमंत


वाराणसी
१२ मार्च २०२५

ताई,

निस्तरतो म्हणालो, ते इतकं सोपं नाही असं दिसतंय. क्रमाने सांगतो.

अवनीच्या सासूबाईंना फोन केला. सगळं समजावून सांगितलं, लस, प्रतिपिंडं, आकडा. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "सुमंतराव, जानेवारीत तुम्हीच सांगितलंत. आता तुम्हीच नाही म्हणताय. बहिणीला वाईट वाटलं म्हणून बोलत असाल. आम्ही कुठल्या सुमंतरावांचं ऐकायचं?" बाई चुकीचं बोलल्या नाहीत. शेवटी एवढंच म्हणाल्या, "मग ते बाळाला आलं कुठून, ते तरी सांगा."

फोन ठेवला तो खोकतच.

मी सगळ्यांचे नमुने घेतले, माझा कोणी घ्यायचा? स्वतःच्या नाकात स्वतः काडी नीट जात नाही असं तेव्हा मनाशी म्हणालो होतो. सुशांत लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो, त्याला सांगितलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. मी सांगितलं नाही. मग औषध घेऊन टाकलं, त्यानंतर नमुना घेऊन उपयोगही नव्हता. छठच्या दिवसांत सुरू झालेला खोकला, ताई. मुक्ता जन्मायच्याही आधीचा. एकदा तर खोकता खोकता उलटी झाली होती, ती मी सईपासून लपवली कारण ती म्हणाली असती डॉक्टरकडे जा. आणि लस? सगळ्या जगाला सांगितली, माझी आज घेतो उद्या घेतो म्हणत राहून गेली.

परवा सुशांतकडून रक्त काढून घेतलं. त्याला म्हटलं, तूच कर, मी खोलीत थांबणार नाही. त्याने निकाल आणून दिला आणि चहा सांगायला गेला. एवढे दिवस उलटूनही माझा आकडा शंभराच्या वर आहे. आणि मी लस घेतलेली नाही. त्यामुळे माझ्या आकड्याचा अर्थ लागतो.

अगदी काटेकोर बोलायचं तर ही चाचणी कोणाकडून कोणाला गेला ते सांगत नाही. पण माझा खोकला आधीचा, आणि रोज संध्याकाळी घरी आल्यावर पोरीला छातीवर घेऊन बसायचो ते मीच. आणखी काटेकोरपणा मला करायचा नाही.

सईला सांगितलं. ती मुक्ताला पाजत होती. तिने पोरीला खांद्यावर घेतलं, ढेकर काढली, आणि मग माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "सगळ्यांच्या नाकात काडी घातलीत. यादवजींच्यासुद्धा." मग पोरीला पाळण्यात ठेवत म्हणाली, "ताईंना मी जे बोलले ते तुमच्यामुळे बोलले. पण बोलले तर मीच." दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलते आहे. तिने तुला फोन केला होता, तू उचलला नाहीस. ती पुन्हा करणार आहे. तिचा उचललास तर बरं. माझा नाही उचललास तरी चालेल.

उज्जैनला मी माझा रिपोर्ट पाठवला आहे. त्यासोबत अवनीच्या सासूबाईंना पत्र लिहिलं, त्यात गोल गोल काही लिहिलं नाही. लिहिलं की तुम्ही विचारलंत बाळाला आलं कुठून, तर बहुतेक माझ्याकडून. माझ्या बहिणीने लस घेतली होती, मी घेतली नव्हती. तिच्याविरुद्ध माझ्याजवळ काहीही नाही आणि तेव्हाही नव्हतं. तिला तिच्या लेकीजवळ असू द्या.

गल्लीतही सांगितलं. बारशाला आलेल्या बायकांनी तुझ्याबद्दल काय काय म्हटलं असेल ते तुला माहीत नसेल, मला आहे, कारण मी तेव्हा मान डोलवत होतो. आता एकेका घरी जाऊन सांगितलं. पंचगंगेवरच्या काकू म्हणाल्या, "अरे, अब जाने दो, बच्ची तो ठीक है ना." त्यांना विषय मिटलेला हवा आहे. मला नाही मिटवता येत.

सुमंत


वाराणसी
६ मे २०२५

ताई,

अवनीला मुलगा झाला हे आम्हाला तिच्याकडूनच कळलं. सईने देवापुढे साखर ठेवली. मुक्ता आता पालथी पडते, खोकत नाही, तिच्या घशातून निघतो तो नुसता किंचाळण्याचा आवाज.

तुझ्या व्याह्यांनी तुला बोलावलं आणि तू उज्जैनला गेलीस हे ऐकून मला वाटलं होतं, चला, एवढं तरी झालं. सईला तसं म्हणालोही. मग काल अवनीचा पुन्हा फोन आला.

म्हणाली, "मामा, आई येऊन आठवडा झाला. स्वयंपाक करते, डिंकाचे लाडू केले, माझं डोकं चोळते. पण बाळाला घेत नाही. हात धुते, परत धुते, आणि पदर तोंडावर धरून दारात उभी राहते. सासूबाई स्वतः म्हणाल्या, अहो घ्या ना. तर म्हणाली, नको, लांबून दिसतो." मी विचारलं, ताई खोकते आहे का? अवनी म्हणाली, "नाही रे. एकदाही नाही."

आणि मग ती म्हणाली, "आईने तुला एक विचारायला सांगितलंय."

ताई, जानेवारीपासून मी तुझ्या एका शब्दाची वाट बघतो आहे. तू शिव्या देशील, संबंध तोडशील, सगळ्याची तयारी केली होती. तू विचारलंस ते असं. अवनीने तुझ्याच शब्दांत सांगितलं. "सुमंतला विचार, आता कुठली चाचणी केली म्हणजे मला बाळ मांडीवर घेता येईल? असेल ती करते म्हणावं. नाकातली, रक्ताची, कुठलीही."

तिकडे बाळ रडत होतं, ते ऐकू येत होतं.

अशी चाचणी नाही, ताई.

काडीने नाकामागचा जंतू सापडतो, तो आज असेल तर. माध्यमावर तो उगवतो, वेळेत घेतला तर. रक्तात त्याची खूण राहते, ती वाचणारा शहाणा असेल तर. यातली एकही चाचणी आजीने नातवाला घ्यावं की नाही हे सांगत नाही. ते कधी विचारायचंच नसतं. तुला विचारावंसं वाटलं ते माझ्यामुळे. तुझ्या फुप्फुसात काही नाही, घशात नाही, रक्तात जे आहे ते तू माझ्या मुलीसाठी घेतलेलं आहे. जे आहे ते तुझ्या मनात आहे, ते मी घातलं, आणि ते काढायची काडी माझ्याजवळ नाही.

माझ्या शब्दावर विश्वास ठेव असं म्हणायला मला तोंड नाही. माझ्या सहीवर तर मुळीच ठेवू नकोस. मला क्षमा नको करूस, पत्राला उत्तर नको देऊस, पुढच्या वेळी काशीला नको येऊस. पण तो तिकडे रडतोय.

हात धुतलेले आहेत. घे त्याला.

सुमंत